आईचं लाल चीट

वडगाव, बेळगाव
४ डिसेंबर २०२४

चि. सौ. अंबूस, महादेवआण्णाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. तुझं पत्र नातीनं, आरोहीनं वाचून दाखवलं. आईची चीटी पाठव म्हणतेस. ट्रंक उपसली, देव्हारा धुंडाळला, काही सापडलं नाही. अगं, आई अंगठा उठवायची, ती तुला काय लिहून ठेवणार? तीन वर्षं माहेरी फिरकली नाहीस आणि आता चिठ्ठ्या मागतेस! निपाणीहून दीड तासाचा तर रस्ता.

वहिनी आठवण काढते. तब्येतीला जप, भावावर रुसू नकोस.

तुझा आण्णा


निपाणी
११ डिसेंबर २०२४

ती. आण्णास, अंबूचा शि. सा. नमस्कार.

हसू आवरेना. मी लिहिलं चीट, फुलांचं छापील कापड. तुझ्या कानडी शाळेतल्या नातीनं त्याची चीटी, कानडीतली चिठ्ठी केली! ट्रंकेच्या तळाशी आई अंथरायची ते लाल फुलांचं चीट रे. विणकराच्या घरात छापाचं कापड म्हणून आप्पा नाक मुरडायचे. रंग सुतात असावा, वरून कसला थापायचा, म्हणायचे. आई मात्र दुपारी त्यावर मला निजवून एकेक फूल दाखवायची.

आई नसलेल्या घरी यायला पाऊल उचलत नाही. तिची फार आठवण येते. अर्धं तू ठेव, अर्धं मला पाठव. उशाशी असलं की पुरे.

वहिनीला नमस्कार. माझा हट्ट पोटात घाल.

तुझी अंबू


वडगाव, बेळगाव
१९ डिसेंबर २०२४

चि. सौ. अंबूस, अनेक आशीर्वाद.

चीट मिळालं. उन्हात पसरलं नि कात्री घेऊन बसलो. छपाईचा लाकडी ठसा वीतभराचा, म्हणजे वीतभरावर दोन छापांचा जोड असणारच, तिथं कापू म्हटलं. जोड काही दिसेना. चष्मा पुसला, कापड उलटून पाहिलं. एका ठशाच्या पानातून पुढच्या ठशाची कळी निघते, केसभरही सरकलेली नाही. वेल कुठं थांबतच नाही. जन्मभर मागावर बसलो, पण असा हात मला साधला नसता. छापणारा कोण होता देव जाणे, मी त्याला नमस्कार केला. आप्पा चुकले गं.

कापणं माझ्यानं होणार नाही. खरं सांगू? चीट सापडलंच नाही असं लिहिणार होतो, म्हणजे शोधायला तरी आली असतीस. आता लबाडी नको. सगळंच्या सगळं तुझं. पोस्टानं मात्र पाठवणार नाही.

न्यायला तूच ये.

वाट बघणारा,
आण्णा