वहिनी चालायचं म्हणतात

बरकतपुरा, हैदराबाद
१६ जानेवारी १९९६

ती. एकनाथदादास,
त्रिवेणीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. क्षेम काहीच नाही. फोनच केला असता, पण तुझा फोन दुकानात गल्ल्याशेजारी आणि गिऱ्हाइकं कान टवकारून बसतात, असं तूच म्हणतोस. म्हणून हे पत्र.

वहिनींची जखम भरून आली आणि माझी पंचाईत झाली. त्या म्हणतात, गाठ काढली, खपलीसुद्धा पडली, मग रोज त्या मशीनखाली शेक कशाला? मिलिंदचं लग्न पुढच्या महिन्यात. नवऱ्यामुलाची आई नणंदेच्या घरी पाय पसरून बसली तर उदगीरभर काय बोलतील? बॅग भरून ठेवली आहे. डॉक्टर मला बाजूला घेऊन बजावतात की शेक अर्धा सोडला तर ऑपरेशन केलं काय अन् न केलं काय, सारखंच. बाहेर येऊन मी वहिनींना सांगायचं काय, तर अशक्तपणा! अशक्तपणाला शेक देतात का, असं त्यांनी सरळ विचारलं. मी चहा ठेवायला उठले.

रोगाचं नाव काढायचं नाही अशी शपथ तू घातलीस. जवळचा बार्शीचा कर्करोगाचा दवाखाना सोडून बायकोला इथं आणलंस तेही त्याचसाठी, मला कळत नाही असं समजू नकोस. इथल्या दवाखान्याच्या पाट्या तेलुगू, इंग्रजी आणि उर्दूत. वहिनींना मराठीपलीकडे अक्षर वाचता येत नाही. युक्ती नामी आहे, पण ती रोज निभावायची मी!

त्यात दुष्काळात तेरावा महिना. आमच्या महाराष्ट्र मंडळानं कर्करोगाच्या संशोधनासाठी पदयात्रा काढायचं ठरवलंय. हे मंडळाचे चिटणीस. एका थंड पेयाच्या कंपनीनं फुकट टोप्या कबूल केल्यापासून ह्यांचे पाय जमिनीवर नाहीत. आणि वहिनी म्हणतात, मीही चालणार. त्या बिचाऱ्या रोग्यांसाठी आपल्या हातून तेवढंच पुण्य, असं म्हणून काल हळदीकुंकवाला आलेल्या चार बायकांनाही त्यांनी तयार केलं. मी तोंडात तिळगूळ कोंबला.

दादा, मला शपथेतून मोकळं कर. मी जपून सांगते. नाहीतर तू ये आणि सांग. लोभ आहेच, तो जरा उत्तरातही दिसू दे.

तुझी,
त्रिवेणी


उदगीर
२१ जानेवारी १९९६

चि. सौ. त्रिवेणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. अशा मजकुराला पाकीट वापरत जा, पोस्टमननंही वाचलं असेल.

परवानगी मिळणार नाही. आपल्या काकूचं विसरलीस? नाव ऐकलं त्या दिवशी तिनं भिंतीकडे तोंड केलं ते शेवटपर्यंत फिरवलं नाही. मिलिंदची आई तर साध्या तापातही मुलाला जवळ बसवून दागिने कुठं ठेवलेत ते सांगते. तिला हे सांगायचं? शिवाय मुलीकडची माणसं. आईचं दुखणं कळलं आणि त्यांनी पाय मागे घेतला तर पोराचं काय? लग्न पार पडू दे. उरलेला शेक नंतर घेतला तर चालेल का, एवढं डॉक्टरांना विचार.

तू ये म्हणतेस. मी येईन, पण तिच्यासमोर तो शब्द माझ्या तोंडून फुटणार नाही. तू लहान बहीण आहेस, तुझ्यापासून काय लपवायचं!

पदयात्रेला मुळीच पाठवू नकोस. पाय मुरगळला वगैरे काहीतरी काढ. प्रकाशरावांना नमस्कार. एखादी टोपी उरली तर मिलिंदला पाठवावी, तो मागतो आहे.

तुझा,
दादा


बरकतपुरा, हैदराबाद
२९ जानेवारी १९९६

ती. दादास,
शि. सा. न.

पाकीट वापरलं आहे. आधी सगळं वाच, मग हवं तेवढं ओरड.

उरलेला शेक नंतर चालेल का, हे विचारलं. डॉक्टर माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझ्यापायी मी काय काय ऐकून घ्यायचं?

पाय मुरगळण्याचा सल्लाही मानला. पण मुरगळायचा कुणाचा, ते तू लिहिलं नव्हतंस. मी माझा मुरगळला. वहिनींनी त्याला हळद लावली, मला पलंगावर बसवलं आणि तू आराम कर, मी जाऊन येते म्हणाल्या. मग काय, हळद लावलेल्या पायानंच मागोमाग धावले.

यात्रा हिमायतनगरला संपायची होती. नारायणगुड्यापाशी पोलिसांनी अडवलं, पुढं कुठल्याशा पक्षाची मिरवणूक होती. ह्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की निधी दवाखान्यालाच द्यायचाय, तर समारोपही तिथंच करू. मी पदर खेचला, डोळे वटारले. हे कंपनीच्या माणसाबरोबर फोटोसाठी टोपी सरळ करत होते. एक पोरगा स्कूटरवरून पुढं पिटाळला. दुसऱ्या दिवशीच्या निधी-समारंभासाठी रंगवलेला कापडी फलक त्यानं नेऊन दवाखान्याच्या फाटकावर ताणून बांधला. चांगल्या हातभर अक्षरांत: कर्करोग रुग्णालयाच्या प्रांगणात पदयात्रींचे स्वागत. मराठीत, दादा. सबंध हैदराबादेत नेमक्या त्या फाटकावर कधी नव्हे ती मराठी लागली आणि ती आमच्या ह्यांनी लावली.

महिनाभर वहिनी रोज त्याच फाटकातून आत जात होत्या. त्या थांबल्या. मागच्या बायका त्यांना चुकवून पुढं गेल्या. हे आपलंच ना, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी हो म्हणाले. तुझी शपथ मोडली म्हण, नाहीतर काही म्हण.

त्या रडल्या नाहीत. थंड पेयाची बाटली कुणी हातात दिली ती तशीच परत केली. घरी येऊन बॅगेतले कपडे काढून कपाटात लावले. आज सकाळी मी उठून बघते तर घरात नाहीत. जीव नुसता उडाला माझा. एकट्याच शेकाला गेल्या होत्या. आता पत्र लिहीत बसल्या आहेत आणि मला जवळ येऊ देत नाहीत. मला भीती वाटते आहे आणि तुझा संतापही येतो आहे. उत्तराची घाई नाही. आधी त्यांचं पत्र वाच.

त्रिवेणी


हैदराबाद
२९ जानेवारी १९९६

मिलिंदच्या बाबांना,
सौ. सुशीलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तब्येत बरी आहे असं लिहिणार नाही. ती कशी आहे हे तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

आज दवाखान्यात एकटी गेले. ऑटोवाल्याला मराठी कळेना, म्हणून कॅन्सरचा दवाखाना एवढंच म्हणाले. तो हौ अम्मा म्हणाला आणि थेट दारात सोडलं. म्हणजे इथल्या ऑटोवाल्यालाही ठाऊक, तुम्हाला ठाऊक, नणंदबाईंना ठाऊक. निघताना जाऊबाईंनी माझी ओटी भरली आणि गळ्यात पडून रडल्या. मला वाटलं, किती माया! त्यांनाही ठाऊकच असणार. मी मात्र टोपी घालून बिचाऱ्या रोग्यांसाठी चालत होते आणि बायकांना पुण्याच्या गोष्टी सांगत होते. मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? रात्रभर वाटली. पण त्याहून लाज वाटली, आणि ती तुम्ही आणलीत.

काकूंचं उदाहरण देऊ नका. काकूंनी भिंतीकडे तोंड केलं, कारण घरात कुणी त्यांच्याशी धड बोलत नव्हतं. त्यांच्या उशाशी मी होते, तुम्ही दुकानात होता.

आज डॉक्टरांना मी स्वतः विचारलं. त्रिवेणीताई मध्ये नव्हत्या, तरी मोडक्या हिंदीत सगळं कळलं. शेक पुरा केला तर आशा आहे म्हणाले. परवा निघायचं म्हणून मी कपड्यांची घडी घातली होती हो! तो फलक दिसला नसता तर मी गाडीत बसले असते आणि तुम्ही मला स्टेशनवर उतरवून घ्यायला आला असता, हसतमुखानं.

आता एवढं करायचं. लग्नाची तारीख पुढं ढकला. मुलीच्या घरी चिठ्ठी नको, निरोप नको, मध्यस्थ नको. स्वतः जाऊन त्यांच्या ओसरीवर बसा आणि मिलिंदच्या आईला कर्करोग आहे असं चारचौघांत सांगा. ते नाही म्हणाले तर त्यांची मर्जी. मिलिंदला मी समजावीन. ते जमल्यावर मग मला न्यायला या. नाही जमलं तर येऊ नका. मी एकटी येईन. घरी आल्यावर तो शब्द मी तुम्हाला रोज जेवताना म्हणायला लावीन, तुमची जीभ वळेपर्यंत.

तुमचा लोभ आहे हे मला कुणी सांगायला नको. तो आहे म्हणूनच इतकी चिडले आहे.

तुमची,
सुशीला