आईचा शुक्रतारा

बुएनोस आयरेस, ३ ऑगस्ट

ती. इदालिनाताईस,
दोन्ही हात जोडून आशीर्वाद मागते. वि. वि.

तुझा चीजचा चिपा-पाव बसवाल्यानं पोचवला. वाटेत त्याचा पार दगड झाला होता, तरी मी सांभाळते त्या म्हाताऱ्या बाईंनी चहात बुडवून दोन खाल्ले. थंडीत त्यांना जपावं लागतं, बाकी ठीक.

दुपारी त्या झोपल्या की मी फोन घेऊन जगभर हिंडते. हसू नकोस. देशोदेशीची संग्रहालयं आपल्याकडच्या वस्तूंचे फोटो सगळ्यांसाठी ठेवतात, बोटानं मोठे करून बघायचे. काल मिसरमधला एक अंगरखा पाहिला. हजारो वर्षांचा, पण चुण्या अजून जागच्या जागी. इराणच्या गालिच्यात आख्खी बाग, पाटात मासेसुद्धा. हिंदुस्थानातली मलमल तर अशी, की खालच्या पाटीवरचं अक्षर दिसावं. माणसांनी काय काय करून ठेवलंय गं ताई! बघता बघता भाजी करपली आणि बोलणी खाल्ली.

आता खाली बस. युरोपातल्या एका संग्रहालयात आपल्या गावची, इताउग्वाची शाल आहे, शंभराहून जास्त वर्षांची. तिच्या सगळ्या काठाला आईचा शुक्रतारा आहे, आई सुईनं जाळीत काढायची तो नमुना. मी तीनदा पाहिला, तोच. फोटो फोनवर पाठवलाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी निल्दा

इताउग्वा, १४ ऑगस्ट

चि. निल्दास,
अ. उ. आ.

फोटो मिळाला. फोन टेबलावर ठेवून पाहिला. आईचाच शुक्रतारा. मला वाटायचं, तो तिच्याबरोबरच मातीत गेला.

ऑक्टोबरच्या सणाला चर्चमधल्या रोसारियो मातेची ओढणी यंदा गल्लीतल्या बायकांनी माझ्यावर सोपवली आहे. काठाला शुक्रतारा हवा, हे पहिल्या दिवसापासून माझ्या मनात. पण आईनं तो मला शिकवलाच नाही. मागे लागले की म्हणायची, आता तो होत नाही. तुझा हात त्या लायकीचा नाही, असंच तिला म्हणायचं असणार. इतकी वर्षं हे सलतंय, तुझ्यापाशी म्हणून बोलते.

फोटो समोर ठेवून चौकटीवर कापड ताणलं आणि बसले. तीन तारे काढले, तिन्ही मधोमध आक्रसून वाटीसारखे झाले. उसवून टाकले.

तू मात्र चांगलीच सवय लावलीस. सपाता घालून आमची धाकटी मिसरला जाऊन आली म्हणून मी गल्लीभर टिंगल केली, आणि काल स्वतःच जपानच्या चित्रातला पाऊस बघत बसले. नुसत्या रेघा, पण अंग भिजल्यासारखं वाटतं. हातातल्या गार तेरेरेच्या पेल्यातला बर्फ विरघळून गेला तरी शुद्ध नाही.

जिवाला जप. आठवण ठेव.
तुझी ताई

इताउग्वा, २६ ऑगस्ट

चि. निल्दास,
अ. उ. आ.

तुझ्या उत्तरापर्यंत थांबवत नाही म्हणून लिहिते.

काल तो फोटो इतका मोठा केला, की दोरा दोरखंडाएवढा दिसायला लागला. एका पाकळीतला टाका घट्ट, शेजारच्या पाकळीतला सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. काठभर तेच. एका बाईचा हात असा बदलत नाही गं, तो आयुष्यभर एकच राहतो. म्हणजे हे दोघींचं काम. समोरासमोर बसायचं, दोन सुया एकदमच चालवायच्या. एकीनं ओढायचं, दुसरीनं सोडायचं, तेव्हा तारा सपाट राहतो. कोण होत्या त्या दोघी देव जाणे, पण मी त्यांच्या शालीच्या फोटोला हात जोडले.

मग लख्ख आठवलं. पेत्रोना मावशी होती तोवरच आई शुक्रतारा काढायची. दोघी एकाच चौकटीला गुडघे लावून बसायच्या. मला वाटायचं, गप्पांसाठी. मावशी गेली, आणि आई म्हणायला लागली की आता तो होत नाही. खरंच होत नव्हता, निल्दा. माझा हात तिच्यासारखाच घट्ट. तिला समोर बसायला कोणी उरलं नव्हतं.

शेजारच्या दोघीतिघींना बसवून पाहिलं. सगळ्या आईच्याच हाताखाली शिकलेल्या, सगळ्यांचे हात घट्ट. दोरा तुटतो. सैल हात आपल्या घरात एकच आहे. सणाला महिना-सव्वा महिना राहिलाय. बाईंना विचार. ये.

तुझी ताई

बुएनोस आयरेस, ४ सप्टेंबर

ती. ताईस,
आशीर्वाद मागते. वि. वि.

बाईंना विचारलं. त्यांची भाची येऊन राहते आहे. शाल मोठी करून दाखवली, तर त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिली आणि म्हणाल्या, अजून इथे काय करतेस?

मला भीती वाटते, लपवत नाही. सुई धरून जमाना झाला. माझ्या सैल हाताला तुम्ही सगळ्या हसायचात, मासे पकडायची जाळी म्हणायचात. म्हणून तर सुई टाकली आणि इकडे आले. एक आई तेवढी कधी हसली नाही. मला वाटायचं, कीव करते.

मी इकडे निघाले तेव्हा मावशी नुकतीच गेली होती. बसमध्ये चढताना आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "कुठंही जा. पण हात असाच राहू दे."

शनिवारी सकाळी पोचते.

तुझी निल्दा