परसातलं मोहाचं झाड

१ डिसेंबर

पोचलो एकदाचे! दरेकसा स्टेशन एवढं चिमुकलं आहे, की माझा नवरा मोहित इथे रूळ बदलणारा पॉइंट्समन म्हणून रुजू झाला म्हणजे निम्मं स्टेशन तोच. घर जवळच आहे. कौलारू, दोन खोल्या, चारही बाजूंना डोंगर आणि जंगल. परसात मोहाचं झाड आहे, एका अंगाने वाळलेलं. घरमालक पुनारामजी गोंदियात राहतात. वाळकी बाजू तोडा, हिवाळाभर सरपण पुरेल, परवानगीचं मी बघतो, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

गोंदियाच्या घरात माझा जीव गुदमरत होता. सासूबाईंनी पाळणा माळ्यावर टाकला, तरी नजर आढ्याच्या रिकाम्या कडीकडेच जायची. आमची मुलगी दिवाळीच्या आधी तापाने गेली. अंगावर पिणारी होती. नदीकाठच्या रेतीत पुरली तिला. बायकांनी जायचं नसतं म्हणे, म्हणून मला जागासुद्धा दाखवली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनातलं लिहीत जा. म्हणून लिहितेय. इथे सगळं नव्याने मांडायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

३ डिसेंबर

आज गोंदियाला जाऊन लाकूड कापायची मशीन आणली. काल मोहितने कुऱ्हाडीचा एक घाव घातला आणि पाठ धरून बसला. म्हणे कुऱ्हाडीलाच धार नाही. नाचता येईना अंगण वाकडं!

दुकानदार भैय्यालालने सगळ्या तऱ्हेच्या मशिनी समोर मांडल्या. विजेवरची स्वस्त आणि हलकी, पण तिची वायर पडवीच्या पुढे जाणार नाही, आणि दरेकशाची वीज म्हणजे जावई, आला तर आला. बॅटरीची फांद्या छाटण्यापुरतीच. राहिली पेट्रोलची. मोहितचा जीव सगळ्यात लांब पात्याच्या मशिनीवर. मी ती उचलून पाहिली तर खांदा निखळायची वेळ. तू ड्युटीवर असताना चूल मीच पेटवणार, तेव्हा मला पेलेल तीच घ्यायची, असं मी ठणकावलं. भैय्यालालही माझ्याच बाजूने. “भाभीजी सही बोल रही हैं. जो हाथ में रहे वो लो.” लहान पात्याची घेतली. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं, चेन ढिली पडली तर कशी ताणायची, लाकडात अडकली तर ओढाताण न करता आधी बंद करायची, हे सगळं त्याने नीट समजावलं.

सोबत मिळालेला चष्मा लावून मोहित थेट वेल्डिंगवाला दिसत होता. किती दिवसांनी हसले मी. हसता हसताच रडूही आलं.

६ डिसेंबर

झाड पाडलं. अख्खं.

ठरवलं होतं वाळकं तेवढंच काढायचं. पण मशीन भोपळा चिरावा तशी चालली. एक फांदी पडली, दुसरी पडली, मग उरलेलं झाड एकांगी दिसायला लागलं, म्हणून तेही. आळीपाळीने आम्ही दोघांनी कापलं. कुऱ्हाड असती तर दमून थांबलो असतो. बुंध्यातून पांढरा चीक वाहत होता, तो मला बघवेना.

आवाज ऐकून शेजारच्या सुशीलाबाई धावत आल्या आणि परसाच्या फाटकातच मटकन बसल्या. “पुरंच काऊन पाडलं वो बाई? त्याच्याखाली आमचे लेकरं हायेत.” या गावात अंगावर पिणारं बाळ गेलं, तर त्याला जाळत नाहीत, या झाडाखाली पुरतात. मोहाला दूध असतं, झाड बाळांना पाजतं. मशीन आणली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, कारण एवढं कोणालाही ठाऊक असतं असंच त्यांना वाटत होतं. त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. उठताना एवढंच म्हणाल्या, “आता कोन पाजीन त्यायले?”

९ डिसेंबर

माझं दूध परत आलं. गोळ्या घेऊन आटवलेलं दूध! भरदुपारी तांदूळ निवडत बसले होते, पदर भिजला. मग मांडीवर वजन आलं. दिसत काहीच नव्हतं. आणि ओढ लागली, बोळक्या हिरड्यांची. ती ओढ कुठलीही आई ओळखेल.

ओरडायला हवं होतं मी. पण पदर झाकून घेतला आणि थोपटत राहिले.

१२ डिसेंबर

एकच नाही, पुष्कळ आहेत. एकाचं झालं की दुसरं. मी माझ्या लेकीची वाट बघते. ती पिताना पायाने माझं पोट ढकलायची. तसं कोणी ढकलत नाही.

सुशीलाबाईंना सांगितलं. मला वेडी म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी माझे हात घट्ट धरले. “माहा पोरगा येते का वो? घोट घेऊन हुंदका देते तो.” येतो, म्हटलं. केस पांढरे झालेत त्यांचे, पण ओल्या बाळंतिणीसारख्या रडल्या.

१५ डिसेंबर

गावातल्या बायका येतात. मेथीचे लाडू, हळिवाची खीर आणतात, माझ्या केसांना तेल लावतात, आपापल्या बाळाची खूण सांगतात. कोणाच्या डोळ्यांत राग नाही. त्यामुळेच जास्त भीती वाटते. माझ्या बांगड्या हातातून गळून पडायला लागल्यात. चालताना भिंत धरावी लागते.

मोहित मशिनीला शिव्या देतो. विजेची घेतली असती तर वायर झाडापर्यंत पोचलीच नसती, म्हणतो. आणि तोंड फिरवून रडतो.

१७ डिसेंबर

माझी का येत नाही, सुशीलाबाईंना विचारलं. कोणत्या झाडाखाली आहे, त्यांनी विचारलं. रेतीत आहे, म्हटलं. तिथे झाड नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, “मंग तिले कोनी पाजतच नसन वो.”

दिवाळीपासून उपाशी आहे माझी पोर.

१८ डिसेंबर

दुपारच्या गाडीने गोंदिया. मोहितला मला दवाखान्यात न्यायचंय, मला हवी नदीची रेती. जागा माहीत नाही तर सगळी रेती उकरीन. दूध राखून ठेवायला हवं. आज कोणाला देणार नाही. पदर घट्ट आवळून बांधलाय—

सगळी एकदम रडायला लागली—

१९ डिसेंबर

काल गाडी गेली. बायका दारात बसल्या होत्या, उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत. कोणी हात लावला नाही. नुसत्या बसल्या. जायचं तर त्यांच्या अंगावरून जावं लागलं असतं. मोहितने हात जोडले. सुशीलाबाई म्हणाल्या, “जाजा ना बाई. लेकरायचं पोट भरू द्या, मंग जाजा.”

पण ते भरतच नाही—

२० डिसेंबर

मोहित मागच्या भिंतीवरून उडी टाकून माणसं आणायला गेलाय. दार लावलंय. पदराची गाठ सुटली. मी नाही सोडली. बोटं लहान लहान—

संपलं रे, बाळांनो. दूध संपलं. ऐकत नाहीत—

लाल येतंय आता—

बाहेरून सुशीलाबाई विचारतात, माहा प्याला का—

एक घोट ठेवा. एकच. तिच्यासाठी. ती तिकडे एकटी, तिला कोणीच—