योंगाम म्हणजे कोण?

४ मार्च १९५५, देगू, दक्षिण कोरिया

शी! वकीलपत्र हातात घेऊन उभी होते, तरी कोर्टाचा कारकून म्हणतो, "ए पोरी, टायपिस्टची जागा भरली."

इथे कोर्टात मानाने 'योंगाम' म्हणतात, आपल्या 'साहेब'सारखं: न्यायाधीश योंगाम, वकील योंगाम. काल सनद मिळालेलं पोरगंही योंगाम. आणि मी पोरगी! बजावून सांगितलं — मलाही योंगामच म्हणायचं. त्याने दात काढले. "योंगाम तर बायका घरच्या म्हाताऱ्याला, नवऱ्याला म्हणतात."

७ मार्च

माझी अशील जोमरे माझ्या घरी मागच्या खोलीत राहायला आली. तिचा नवरा पे, त्याची भातगिरणी आहे. त्याने दुसरी बाई आणली आणि हिला घालवून दिलं. तिला काडीमोड हवाय, आणि तिची मुलगी मालसुन. मालसुन म्हणजे 'ही शेवटची मुलगी'. बापानेच ठेवलेलं नाव! त्या नऊ वर्षांच्या पोरीकडून आता नव्या बाईची धुणी धुऊन घेतात. वर सगळे म्हणतात, मुलगी बापाच्या घराण्याची. किळस येते या माणसांची.

मला मनापासून योंगाम म्हणते ती एकटी जोमरे. बरं वाटतं. लपवू कशाला?

२१ मार्च

जेवण गेलं नाही. आज कोर्टात जोमरेची सुनावणी होती.

न्यायाधीशांनी जोमरेला विचारलं, "सध्या तुमचं खाणंपिणं कोण बघतं?" ती मान खाली घालून, अगदी आदराने म्हणाली, "योंगाम बघतात. फार जीव लावतात."

झालं! तिच्या नवऱ्याचे वकील, 'हो' आडनावाचे, ताडकन उठले. "ऐकलंत? नवरा पोसतोय, जीव लावतोय. मग काडीमोड कशाला?"

मी ओरडले — योंगाम म्हणजे मी! अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीश रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "बसा. लग्न झालं की कळेल, योंगाम कोण ते." त्यांना सगळं समजलं होतं. तरी कारकुनाला सांगितलं, साक्षीदार बाई बोलल्या तसंच लिहून घ्या.

जोमरे अजून विचारतेय, "माझं काय चुकलं?" काय सांगू? त्या शब्दाचा हट्ट माझा. स्वतःचीही शिसारी आली.

२ एप्रिल

निकाल लागला. काडीमोड नाही. मुलगी बापाकडेच.

वकील हो जिन्यात भेटले. "मनावर घेऊ नका, योंगाम." थुंकावंसं वाटलं.

३ एप्रिल

दुपारी पोलीस आले. मालसुन सकाळपासून बापाच्या घरातून नाहीशी आहे म्हणे. "तुम्ही कायद्याचं माणूस. तुमचा शब्द पुरे," म्हणाले. दिला शब्द — इथे कोणी नाही. आत पोरगी आईच्या मांडीवर बसून भात खात होती.