उशिरा आलेले धडे

३ फेब्रुवारी

विद्यापीठाचा पुन्हा मेसेज. 'विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी मोबाईलवर अभ्यासक्रम. पालकांनीही जरूर पाहावा.' त्यांच्या यादीतून आमचं नाव अजून कुणी काढलेलंच नाही. खारूनं स्वतःला संपवलं त्याला वर्ष होत आलं, आणि आम्ही त्यांच्या लेखी अजून पालक!

खारू. लहानपणी खारीसारखा गालात घास धरून बसायचा, म्हणून हिनं ठेवलेलं नाव. कॉलेजात गेला तरी घरात खारूच.

हिला मेसेज दाखवला. "पुसून टाका," म्हणाली.

नाही पुसला.

५ फेब्रुवारी

आज बँकेतल्या मॅडमना गाडी शिकवत होतो. क्लचवरून पाय असा काही उचलला की गाडी बेडकासारखी उडाली, थेट फाटकाकडे! माझ्या बाजूच्या ब्रेकनं वाचलो. त्या हसत सुटल्या. मीही हसलो. मग स्वतःचीच लाज वाटली.

त्या गेल्यावर गाडी झाडाखाली लावून पहिला धडा पाहिला. पडद्यावर विद्यापीठाची समुपदेशक. लहान वयाची, साधं बोलणारी. "मूल गप्प झालं, मित्रांना टाळायला लागलं, जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकायला लागलं, तर लक्ष द्या."

खारूनं शेवटच्या सुट्टीत गिटार मावसभावाला देऊन टाकली होती. आम्हाला वाटलं, पोरगं अभ्यासाला लागलं! ही शेजारीपाजारी कौतुकानं सांगत होती.

पुढच्या शिकवण्या रद्द केल्या. तसाच बसून राहिलो.

९ फेब्रुवारी

काही नाही. भाजी आणली.

१३ फेब्रुवारी

धडे बघतो ते हिला जेवताना सांगितलं. तिनं ताट सरकवलं. "आता काय उपयोग? कुणासाठी शिकताय?"



नंतर भांडी घासत होती, पाठमोरी. खांदे हलत होते. जवळ गेलो तर म्हणाली, "अंगावर पाणी उडेल. लांब व्हा."

१७ फेब्रुवारी

त्या अभ्यासक्रमात मुलांना मनातलं लिहायची सोय आहे. टोपणनावानं लिहितात. एका मुलीनं लिहिलंय – 'घरी सांगितलं तर बाबा खचतील.'

खाली मी लिहिलं, 'खचू दे. बाप खचतो आणि परत उभा राहतो. पण तू सांग, बाळा.' कितीदा खोडलं. शेवटी पाठवलं.

संध्याकाळी तिचं उत्तर! 'सांगितलं. बाबा खूप रडले. मग आम्ही दोघं बाहेर जाऊन चहा प्यायलो.'

बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्या बापाचा फार हेवा वाटला. खारू, एक चहा रे! एवढंच मागितलं असतं.

१९ फेब्रुवारी

ही आज बोलली! किती तरी महिन्यांनी आपणहून हाक मारली. "अहो, इकडे या." ओट्यापाशी उभं करून भात लावायला शिकवला. कुकरची शिट्टी, गॅस कधी बारीक करायचा, सगळं. मग कपडे धुवायचं मशीन. मी बटणं चुकवली तर हसली पण. "एवढ्या लोकांना गाडी शिकवता आणि हे जमेना?"

भात चिकट झाला. दोघांनी खाल्ला.

"शिकून घ्या," म्हणाली. "तुमचं अडायला नको."

आज घरात घरासारखं वाटलं.

२२ फेब्रुवारी

शेवटचा धडा. "थेट विचारा," ती समुपदेशक सांगत होती. "मरावंसं वाटतं का, असं विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आधीच असेल, तर बोलायला वाट मिळते. ऐकून घ्या. एकटं सोडू नका. डॉक्टरांकडे न्या."

खारूला कुणीच नाही विचारलं.

मोबाईल ठेवला. आत ही इस्त्रीच्या कपड्यांचा नीट गठ्ठा लावत होती. माझ्या कपड्यांचा. "हे वरच्या कप्प्यात असतात, बरं का. लक्षात ठेवा."

तुमचं अडायला नको.

उठून तिच्याकडे गेलो.

२३ फेब्रुवारी

काल लगेच विचारलं. थेट.

हिनं हातातला कपडा खाली ठेवला. मग म्हणाली, "हो. रोज वाटतं."

रात्रभर तिचा हात सोडला नाही. आता डॉक्टरांच्या दाराबाहेर बसलोय. आमचा नंबर यायचाय. ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीय.