लाल पेनने खोडलेला चौथा मुद्दा

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार
मनस्विनी सकाळच्या एसटीने नांदेडला गेली. तिथून दिल्लीची गाडी, पुढे देहरादून. आईच्या, भार्गवीच्या, वर्षश्राद्धाला चार दिवस आली होती. जावई आले नाहीत. मी बोलावलंही नव्हतं म्हणा.

येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून एक रोप आणलं. कमरेएवढं. बाल्ड सायप्रस! हे दलदलीतलं झाड. आमच्या लातुरात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि या बाई दलदलीतलं झाड घेऊन आल्या! पण खड्डा तिनेच खणला, शेणखत तिनेच घातलं. मोरीचं पाणी तिकडे वळवून दिलं. म्हणाली, "आईने लावायला सांगितलं होतं असं समजा."

जाताना काळजी कशी घ्यायची ते एका कागदावर लिहून दिलं. सहा मुद्दे. वाचताना हातात लाल पेन होतं, सवयीने. ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका निघाल्या.

१८ ऑगस्ट, रविवार
तिचा फोन. "झाड कसंय?" "बरंय." "पाणी?" "घालतो." दोन मिनिटं. तरी वर्षभरातला हा सगळ्यात लांब फोन असावा.

६ ऑक्टोबर
झाड छातीपर्यंत आलं. पिसासारखी नाजूक पानं, पोपटी. आज फोटो काढला. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारतात. शेजारचे बसवराज अप्पा म्हणाले, "सर, ह्ये कुठलं म्हणायचं? हैदराबादला बी न्हाई बघितलं असलं." मी अर्धा तास बोललो. निवृत्त झाल्यापासून एवढं कुणी ऐकून घेतलं नव्हतं!

आता रविवारचा फोन दहा मिनिटं चालतो. विषय एकच, झाड. बाकी कशावर आम्ही बोलत नाही. नीटच्या रिपीटर बॅचला तिला दोनदा बसवलं, त्यावर नाही. दुसऱ्या निकालाच्या दिवशी मी पाहुण्यांसमोर जे बोललो, त्यावर नाही. तिने देहरादूनला रोपवाटिकेत नोकरी धरली, तिथल्याच बिलोलीच्या नागसेनशी लग्न केलं आणि मी गुडघ्याचं कारण सांगून गेलो नाही, त्यावरही नाही. गुडघा ठणठणीत होता.

१५ डिसेंबर, रविवार
शेंड्याची पानं तांबूस दिसतात. पाणी कमी पडलं का? फोनवर बोललो नाही. उगीच काळजी करेल.

२४ डिसेंबर
अर्धं झाड तांबडं. दोन बादल्या जास्त घातल्या. बुरशीनाशक फवारलं.

२ जानेवारी २०२५
पानं गळायला लागली. नुसता सडा! बसवराज अप्पा गेटातून म्हणाले, "काय सर, बॉटनीच्या मास्तराचं झाड वाळलं की हो!" चेष्टेनेच म्हणाले. पण संध्याकाळी फिरायला गेलो नाही.

७ जानेवारी
एक पान राहिलं नाही. काड्या, फक्त काड्या.

सरजाबाई भांडी घासून बाहेर आली. रेणापूरची बाई, माहेरची शेती होती. नखाने खोड खरवडलं. "सर, आत हिरवं हाय की. जित्तं हाय ह्ये. ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, "सरजाबाई, तीस वर्षं हेच शिकवलंय मी. सूचिपर्णी झाडं सदाहरित असतात. त्यांची पानं अशी गळाली की संपलं. ते हिरवं महिनाभर टिकतं नुसतं."

"तुमाला ठाव," म्हणाली आणि पदराला हात पुसत आत गेली.

९ जानेवारी, गुरुवार
करवतीने मीच कापलं. अंगठ्याएवढं खोड होतं. मग खड्डे खणणाऱ्या भीमाला बोलावून बुंधाही खणून काढायला लावला. कुणी बघायला नको, विचारायला नको. मुळं ओली होती, पांढरी. भीमा म्हणाला, "साहेब, ह्ये तर ताजंच हाय." मी त्याला चहा प्यायला आत पाठवलं आणि खड्डा स्वतः बुजवला.

जागेवर क्रोटनची कुंडी ठेवली.

१२ जानेवारी, रविवार
"झाड कसंय बाबा?"
"छान आहे."
बोलून गेलो! तोंडात आलं ते बोललो. रविवारचा फोन बंद पडेल याची भीती वाटली. दुसरं काय आहे आमच्यात बोलण्यासारखं?

१९ जानेवारी
"छान आहे." आज अडखळलोही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
आज तिचा आवाज थकलेला वाटला. म्हणाली, "बाबा, झाडाचा एक फोटो टाका ना. आत्ताचा. जसं असेल तसं."

म्हणालो, उजेड कमी आहे, थोड्या वेळाने टाकतो. मग डोकं चालवलं. ऑक्टोबरमधला फोटो होताच. मागे नुसती टाकी, महिना ओळखू येईल असं काही नाही. पाठवून दिला. चांगला हिरवागार.

तासाभराने उत्तर आलं. "छान हिरवं आहे." एवढंच.

सुटलो. गृहपाठ न करता वर्गातून सुटलेल्या पोरासारखं वाटलं, खरंच सांगतो.

१६ फेब्रुवारी
फोन आला नाही.

२३ फेब्रुवारी
नाही आला. मी लावला. नागसेनने उचलला. "ती जरा आराम करते आहे, सर." मला सर म्हणतो! मी "बरं" म्हणून ठेवून दिला. काय झालं, ताप आहे का, हेही विचारलं नाही. त्याच्याशी काय बोलायचं हेच मला कळत नाही.

२ मार्च
नाही.

९ मार्च, रविवार
आला. दोन मिनिटं. तब्येत विचारली माझी. मी तिची विचारली, "बरी आहे" म्हणाली. झाडाचं विचारलं नाही. मी वाट बघत होतो, आता विचारेल, आता विचारेल. नाही विचारलं.

बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२१ मार्च
वीजबिलाच्या फायलीत तिचा कागद सापडला.

मुद्दा चार, तिच्या अक्षरात: "डिसेंबर-जानेवारीत पानं तांबडी होतील आणि सगळी गळतील. हे झाड तसंच आहे, मेलं असं समजू नका. बाबा, फक्त थांबा. मार्चमध्ये फुटेल."

त्यावर आडवी रेघ, लाल शाईची. समासात माझ्या अक्षरात: "चूक! सूचिपर्णी = सदाहरित." आणि शेजारी अर्धा गुण कापल्याची खूण.

अर्धा गुण!

सरजाबाई विचारून गेली, "सर, बरं न्हाई का?"

२२ मार्च
माळ्यावरून एम.एस्सी.ची पुस्तकं काढली. आहे. एक ओळ, पानाच्या तळाशी, बारीक टायपात. काही सूचिपर्णी वृक्ष पानझडी असतात, त्यांत हे नाव. ओळीखाली माझीच पेन्सिलची रेघ. म्हणजे वाचलं होतं. परीक्षेत येत नाही म्हणून नोट्समधून मीच गाळलं असणार. तीस वर्षं तेच डिक्टेट केलं, पोरांनी तेच लिहिलं, गुणही मिळवले. मग मलाही तेवढंच खरं वाटायला लागलं.

आणि दुसरी गोष्ट आज दुपारी लक्षात आली. जेवताना. घास तसाच ठेवला.

फेब्रुवारीत ते झाड हिरवं असूच शकत नाही. मी तिला हिरवा फोटो पाठवला. तिला, जी रोज हीच झाडं वाढवते! बघताक्षणी कळलं असेल तिला. "छान हिरवं आहे." किती शांतपणे लिहिलं पोरीने.

"जसं असेल तसं," म्हणाली होती. तिला काड्याच बघायच्या होत्या.

२३ मार्च, रविवार
फोन आला. सांगायचं ठरवलं होतं. उन्हाळा, पाणीटंचाई, बसवराज अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं सांगितलं. ते सोडून.

भित्रा आहे मी. वर्गात साठ पोरं चिडीचूप बसायची मला घाबरून.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. सरजाबाईने कडुलिंबाची डहाळी आणली, कोवळी, तांबूस पालवीची. म्हणाली, "समदं फुटायलंय बघा." तिला टोमणा मारायचा नव्हता. ती तशी नाही. पण मी आत जाऊन बसलो.

तिला सांगितलं शेवटी, "तुमचं बरोबर होतं. जिवंत होतं ते."
"मग आता ताईला सांगा की."
"काय सांगू?"
"तोडलं म्हणून सांगा. अजून काय?"

तिला किती सोपं वाटतं! असेलही सोपं.

६ एप्रिल, रविवार
आज मीच लावला. तिच्या फोनची वाट न बघता. पाठ केलेलं वाक्य विसरलो. नुसतंच म्हणालो, "मनू, झाड मी कापलं. जानेवारीत. फोटो जुना होता." मग थांबवेना. लाल पेन, अर्धा गुण, ओली मुळं, क्रोटन. निकालाच्या दिवशी पाहुण्यांसमोर बोललो तेही. गुडघ्याचंही. चुकलो म्हणालो. हा शब्द मी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही, भार्गवीलासुद्धा नाही.

ती एवढंच म्हणाली, "उद्या फोन करते, बाबा."

७ एप्रिल, सोमवार
मनस्विनीला मुलगी झाली आहे. सव्वीस फेब्रुवारीला. आज चाळीस दिवसांची.

म्हणाली, "आई नाही, म्हणून बाळंतपणाला तुम्हालाच बोलावणार होते. फोटो मागितला त्याच दिवशी. मग तो फोटो आला, आणि राहू दिलं."

बाळ मागे रडत होतं. नाव काय ठेवलं, हे विचारायचं धाडस झालं नाही.