जुनी कात्री विरुद्ध दाढदुखी

६ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
दादाचे अ. आ.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन केला असता, पण फोनवर माझं काय होतं ते तू जाणतेस. हो, हं, बरं, यापलीकडे गाडी जात नाही. कागदावर निदान वाक्य पुरं होतं.

मंगळवारी दुपारी जे झालं त्याबद्दल आधी माफी मागतो. बाबा गेल्यापासून तीन महिने त्यांचा टॅब त्यांच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये तसाच पडून होता. मला सुट्टी होती म्हणून खोली आवरायला घेतली. टॅब चार्ज केला तर त्यांचं बुद्धिबळाचं खातं आपोआप उघडलं. तिथे त्यांचं नाव 'जुनी कात्री'. चाळीस वर्षं कापड बेतत उभा राहिलेला शिंपी दुसरं काय नाव घेणार. मी नुसतं बघत होतो, तेवढ्यात 'दाढदुखी' नावाच्या कुणीतरी डाव मागितला आणि घाबरून माझं बोट 'हो'वर पडलं. समोरून खेळी आली, घड्याळ पळायला लागलं, म्हणून मी कडेचं एक प्यादं एक घर सरकवलं. समोरच्याने तिथेच डाव सोडला. पाच मिनिटांनी तुझा फोन आला आणि एक शब्द न बोलता तू ठेवून दिलास, तेव्हा उजेड पडला. दातांच्या दवाखान्यात राबणाऱ्या बाईलाच असलं नाव सुचेल.

मग मी मागचं सगळं पाहिलं. तुम्हा दोघांचे तीन-तीन मिनिटांचे तीन हजार एकशे बारा डाव तिथे आहेत. सहा वर्षांचे, रोज दुपारी तीननंतरचे. त्या वेळी मी कारखान्यात पाण्याचे मीटर तपासत असतो. बाबा माझ्याकडे अकरा वर्षं राहिले आणि यातलं मला काही ठाऊक नव्हतं. दुपारी काय केलंत असं विचारलं की जरा पडलो होतो म्हणायचे.

हे खातं बंद करावं असं मला वाटतं. गेलेल्या माणसाचं नाव असं मधूनच उजळणं बरं नाही. बंद केलं की दोन्ही बाजूंचे डाव पुसले जातील, असं तिथे लिहिलं आहे. तुझी हरकत असेल तर महिनाअखेरपर्यंत कळव.

सर्दी अंगावर काढू नकोस. आहे ती माया राहू दे.

तुझा,
दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकटीचा सा. न.

हरकत आहे. पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा केलास तरी चालेल.

मंगळवारी खुर्चीत एक बाई तोंडात कापूस धरून बसल्या होत्या. मी हात धुवायला आत गेले, फोन पाहिला, तर बाबांच्या नावापुढे हिरवा ठिपका. मला काय वाटलं ते लिहीत नाही. शाळा शिकलेल्या माणसाला जे वाटू नये ते वाटलं. बाई आ वासून बसल्या आणि मी डाव मागितला. तू कडेचं प्यादं सरकवलंस तेव्हा मनात आलं की बाबा मेले तरी ही खेळी करणार नाहीत. मग माझ्या त्या वाक्याचंच मला रडू आलं. डॉक्टरांनी विचारलं तर म्हटलं, डोळ्यात औषध उडालं.

लपवण्यासारखं काही नव्हतं रे. दादाला पट आवडत नाही, त्याच्यासमोर विषय काढू नकोस, असं बाबांनीच सांगितलं होतं. तू चौदा वर्षांचा असताना दुकानातल्या कटिंगच्या टेबलावर माझ्याकडून हरलास, सोंगट्या बटणांच्या डब्यात भरल्यास आणि त्यानंतर कधी पटाला हात लावला नाहीस. मी दहा वर्षांची होते. मुद्दाम नव्हते जिंकले. बाबा तुला पुन्हा खेळ म्हणाले नाहीत, कारण तू आपण होऊन येशील असं त्यांना वाटायचं. तुम्ही दोघं एका साच्यातले. एक बोलवत नाही, दुसरा येत नाही.

आणि एवढे डाव उघडलेच आहेस तर नीट बघ. मीटर जलद पळतोय की रेंगाळतोय हे सांगण्याचा तुला पगार मिळतो. माझं काय चुकतं, काय बरं आहे, काय सुधारावं ते लिहून पाठव. वर्षभर माझा खेळाचा आकडा, म्हणजे रेटिंग, एकाच जागी रुतून बसलाय. फक्त खातं बंद करू नकोस. त्यात माझी सहा वर्षं आहेत.

वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर अगदी मापात आहे. आणि रागावून का होईना, लिहीत जा.

तुझी,
धाकटी


१ मार्च

प्रिय धाकटीस,
अ. आ.

खातं अजून बंद केलेलं नाही. सहाशे डाव पाहिले. जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी. तीस वर्षांनी पट समजायला वेळ लागेल असं वाटलं होतं. तसा तो लागला नाही, याचाच मला राग आला.

तू मागितलंस म्हणून लिहितो. तू चढाई करणारी आहेस. पांढऱ्या सोंगट्या असल्या की राजासमोरची प्यादी पुढे हाकतेस, उंट तिरका रोखून धरतेस आणि बाराव्या-पंधराव्या खेळीच्या आत घोडा बळी देऊन समोरच्याच्या राजाचं घर फोडतेस. हिशेबात तो घोडा दर वेळी बसत नाही, पण तीन मिनिटांत समोरच्याला ते सिद्ध करायला वेळ कुठे असतो. घोड्यांवर तुझा हात चांगला आहे. अडचणीत आलीस की साधी खेळी करून मरत नाहीस, जाताजाता सापळा लावतेस. शेवटच्या दहा सेकंदांत तुझ्याइतकं जलद खेळणारं मी पाहिलं नाही. हे सगळं खरं आहे आणि मी ते मोकळ्या मनाने लिहितो.

आता कच्चं ते. वजीर पटावरून गेले की तुझा डाव पोरका होतो. हत्ती प्याद्याच्या मागे ठेवायचा असतो, तू पुढे ठेवतेस. वेळ कमी उरली की उगाच शह देत सुटतेस. शह दिल्याने काही होत नाही, समोरचा राजा आपोआप चांगल्या घरात जातो. एक डाव हरलीस की लगेच दुसरा मागतेस आणि रागात तोही घालवतेस. हरल्यावर उठून पाणी पी. काळ्या सोंगट्यांनी दर वेळी नवी सुरुवात करू नकोस. एकच घे आणि ती हातात बसू दे. सोंगटी जास्त असेल तर मारामारी करून पट मोकळा कर. समोरचा विचार करतो तेव्हा तूही विचार कर, तुझं घड्याळ तेव्हा थांबलेलं असतं.

दोन दोष मात्र मला कळलेच नाहीत. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलपासून पहिल्या दहा-बारा खेळ्यांत तू चाळीस-पन्नास सेकंद वाया घालवतेस. खेळ्या पाठच्या, विचार करण्यासारखं काही नाही, तरी बसून राहतेस. एका ठिकाणी तर प्याद्याने प्यादं परत मारायला अकरा सेकंद. मीटर असता तर नापासाचा शिक्का मारला असता. दुसरं, समोर फुकट पडलेला वजीर तुला दिसत नाही. असं एकोणीस वेळा झालं आहे. वजीर मारायचा सोडून तू भलतंच प्यादं हलवतेस. डोळे तपासून घे.

एवढे दोष असून गेल्या दोन वर्षांत बाबांविरुद्धचे निम्मे डाव तू जिंकलीस. त्याआधी सरासरी दहात दोन जिंकायचीस. आपण बाबांच्या तोडीच्या झालो असं तुला वाटत असेल, म्हणून सांगतो. बाबांचा उजवा हात थरथरायचा. शर्टाच्या बाह्यांची बटणं रोज सकाळी मी लावायचो. धाकटीला सांगू नकोस, शिंप्याचा हात गेला हे तिला कळायला नको, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्या हाताने त्यांना सोंगटी वेळेत ठेवता येत नव्हती. तू त्यांच्या डोक्यावर मात केली नाहीस.

हे मी सांगायला नको होतं. तरी लिहिलं आहे ते खोडत नाही.

दादा


९ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र दोन रुग्णांच्या मध्ये उभ्याने वाचलं आणि मग उरलेली दुपार माझ्या हातून चूळ भरायचा प्रत्येक पेला सांडला.

हात थरथरतो हे मला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिलच्या आधी दोन महिने मी रोजच जिंकत होते, कधी त्यांची वेळ संपून, कधी त्यांचा वजीर भलत्याच घरात पडून. पहिल्या आठवड्यात मी खूश होते. दवाखान्यात सगळ्यांना पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग एकदा त्यांचा वजीर सरळ माझ्या प्याद्यासमोर येऊन बसला. मारायला बोट उचललं आणि वाटलं, बाबा असं करणाऱ्यांतले नाहीत. त्यांना बाजूच्या घरात ठेवायचा होता. दात काढताना ज्यांचा हात थरथरायचा असे एक म्हातारे डॉक्टर आमच्याकडे होते. तो कंप मला ओळखू येतो.

तेव्हापासून त्यांच्या घड्याळातले सेकंद बघून तेवढेच मी माझे टाकत गेले. शेवटी टाकले असते तर त्यांना कळलं असतं, म्हणून सुरुवातीलाच. चुकून पडलेला वजीर मारायचा नाही, दुसरं काहीतरी हलवायचं, म्हणजे पुढच्या खेळीत ते तो हलवून घेतील. बाकी मी काही सोडलं नाही. जिंकायचा डाव जिंकायचे. म्हणून निम्मे. परक्यांशी खेळलेले माझे डाव काढून बघ, तुला खरं वाटत नसेल तर. तुला वाटणारच नाही.

आता माझंही ऐक. तुझा जेवढा जळफळाट झाला ना, त्याच्या दुप्पट माझा होतो. तुला त्या सहा वर्षांच्या दुपारी मिळाल्या नसतील, पण सकाळी मिळाल्या. त्यांनी बाह्या पुढे केल्या त्या तुझ्यापुढे. मला फक्त खेळ्या यायच्या. तिथे गप्पा मारायची सोय आहे, पण सहा वर्षांत त्यांनी मला एक अक्षर लिहिलं नाही. डाव संपला की दुसरा मागायचे, बस. ते कुठे बसून खेळायचे? चष्मा लावायचे का? हरले की काय म्हणायचे? दुखऱ्या हाताने खेळायचे की डाव्या? तू एका घरात होतास आणि हे सगळं तुझ्याकडे आहे. मला ते सांग. आणि बंद करण्यापेक्षा त्या खात्याचा पासवर्ड मला देऊन टाक. मी ते जपेन.

भांडले तरी तुझीच आहे, हे लक्षात ठेव.

धाकटी


२० मार्च

प्रिय धाकटीस,
अ. आ.

तू म्हणालीस म्हणून परक्यांशी खेळलेले तुझे दोनशे डाव तपासले. न तपासता मानलं असतं तर तुलाच काळजी वाटली असती. त्यांच्याशी पहिल्या बारा खेळ्या तू पंधरा सेकंदांत उरकतेस आणि फुकटचा वजीर दिसल्या क्षणी उचलतेस. तुझे डोळे ठीक आहेत. ते दोन दोष मी मागे घेतो. हत्ती मात्र प्याद्याच्या मागेच ठेव.

हाताची गोष्ट मी मत्सरापोटी लिहिली. तुमच्याकडे तीन हजार डाव होते, माझ्याकडे ती एकच गोष्ट होती, जी तुला माहीत नव्हती असं मी धरून चाललो होतो. तीही तुझ्याकडे निघाली. तुझं पत्र वाचून मला तुझं कौतुक वाटायला हवं होतं. ते दुसऱ्या दिवशी वाटलं. पहिल्या दिवशी वाटलं की हेसुद्धा हिनेच केलं.

तू विचारलंस त्यातलं मला फारसं माहीत नाही. ते तीननंतर खेळायचे आणि मी सहाला यायचो. त्या वेळी त्यांच्याबरोबर तू असायचीस, मी नव्हे. तुझ्या वहिनीलाही विचारलं. दार लोटलेलं असायचं, एवढंच ती सांगू शकली.

पण टॅबचं कव्हर पुन्हा नीट पाहिलं. ते बाबांनी स्वतः शिवलेलं आहे. उजव्या कडेला रुंद इलॅस्टिकचा एक पट्टा आहे. मी तो तुटलेला बंद समजून कापून टाकणार होतो. त्यात मनगट अडकवलं की हात टॅबवर टेकून राहतो आणि बोटं तेवढी मोकळी राहतात. मी स्वतः अडकवून पाहिलं. शिलाई वाकडीतिकडी आहे, म्हणजे हात बिघडल्यावर शिवलेला. तेव्हा ते उजव्याच हाताने खेळायचे.

आणि एक. मागच्या पावसाळ्यात एकदा जेवताना ते आपणहून म्हणाले की धाकटी हल्ली सुरुवातीलाच फार विचार करते. कशाची सुरुवात ते मी विचारलं नाही. तुझ्या नोकरीबिकरीचं काही असेल असं धरून चाललो, आणि माझ्याबद्दल असं कधी बोलत नाहीत म्हणून दोन दिवस त्यांच्याशी तुटक वागलो. ते हसत होते एवढं मला आठवतं. त्यांना कळलं होतं की नाही, ते आता तूच ठरव. माझ्या मते कळलं होतं.

खातं बंद करत नाही. पासवर्डही देत नाही. तू सहा वर्षं खेळलीस, अजून माझे जवळजवळ अडीच हजार डाव बघायचे राहिले आहेत. रोज तीन-चार बघतो. एखादा तू जिंकलीस की अजूनही बरं वाटत नाही, हे लपवत नाही.

मे महिन्यात चार दिवस सुट्टी काढून ये. हिने तुझी खाट बाबांच्या खोलीत लावायची ठरवली आहे. तुझ्या फोनवर तू ते डाव नेहमी तुझ्या बाजूने पाहिलेस. इथून उघडलं की पट बाबांच्या बाजूने दिसतो, आणि तू समोरून येताना दिसतेस.

दादा